२००५ ची खूण आणि घरातली पिशवी

कोल्हापुरात पुराचा विषय निघाला की पहिला प्रश्न, "२००५ ला कुठवर आलतं?" भिंतीवरची ती खूण आम्ही वर्षानुवर्षं प्रमाण मानली. ऑगस्ट २०१९ मध्ये तिच्याच भरवशावर कित्येकांनी सामान थोडं वर ठेवलं आणि पंचगंगा खूण ओलांडून गेली. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ च्या वर पोचलं.

पण माझ्या मते त्या पुरानं खरा धडा दिला तो ज्यांच्या घरात थेंबही शिरला नाही त्यांना. उपसा केंद्रं बुडाली, नळ कोरडे. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, त्यामुळं दूध, पेट्रोल अडकलं. चहूकडं पाणी आणि माणसं टँकरपुढं रांगेत! २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच.

म्हणजे तयारी नुसती पळायची नको, अडकून पडायचीपण हवी. माणशी रोज तीन लिटर पिण्याचं पाणी, निदान आठवड्याचं, झाकणाच्या कॅनमध्ये. वेगळ्या पिशवीत बीपी-शुगरच्या गोळ्या, बॅटरी, पॉवर बँक, चुरमुरे-फुटाणे, आधार-सातबाराच्या प्रती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. हे सगळं २०१९ च्या खुणेच्या वर ठेवा. तीही एखाद्या साली ओलांडली जाईल असं धरून पिशवी घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही उचलेल एवढीच भरा.