पुरवणी अनुदाने आणि जनुकाची अभिव्यक्ती : पाश्चर संस्थेतील एक प्रकरण

१९६१ साली ‘जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी’ ह्या नियतकालिकात फ्रान्स्वा झाकोब व झाक मोनो ह्या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांचा, प्रथिनांच्या निर्मितीचे आनुवंशिक नियमन कसे होते ह्याविषयीचा प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. जनुके केव्हा कार्यप्रवृत्त होतात आणि केव्हा स्तब्ध राहतात, ह्या प्रश्नाचा पहिला सुसंगत विचार ह्या निबंधात झाला असे मानतात, आणि ते यथार्थ आहे. निबंधाच्या अखेरीस, जेथे वाचकाची दृष्टी सहसा रेंगाळत नाही अशा ठिकाणी, ऋणनिर्देशाचे एक वाक्य आहे. त्यात तीन दात्यांची नावे येतात : अमेरिकेचे नॅशनल सायन्स फाउंडेशन, जेन कॉफिन चाइल्ड्स स्मारक वैद्यकीय संशोधन निधी आणि फ्रान्सचा अणुशक्ती आयोग. ज्या पाश्चर संस्थेत हे कार्य झाले तिचे नाव ह्या यादीत नाही. ते लेखकांच्या नावांखाली आहे. घर एकाचे आणि शिधा तिघांचा, अशी ही व्यवस्था होती.

अशा द्रव्यसाहाय्यास मराठीत ‘पुरवणी अनुदान’ म्हणतात आणि ‘पूरक अनुदान’ असेही म्हणतात. दोन्ही शब्दांचे मूळ एकच असले तरी त्यांच्या अर्थांत अंतर पडले आहे. मूळ कागद अपुरा पडला म्हणजे जोडतात ती पुरवणी. ती काढून घेतली तरी मूळ कागद शिल्लक राहतो. ‘पूरक’ म्हणजे ज्याच्यावाचून मूळ गोष्ट पुरीच होत नाही ते. पाश्चर संस्थेतील ह्या प्रकरणात हिशेबाच्या वहीत जी पुरवणी होती ती प्रत्यक्ष प्रयोगशाळेत पूरक ठरली, असे म्हणावयास पुष्कळ आधार आहे.

पाश्चर संस्था ही १८८८ मध्ये लोकवर्गणीतून उभी राहिलेली खाजगी संस्था. लशी व सिरम ह्यांच्या विक्रीवर तिचा मोठा भर होता. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात तिची आर्थिक स्थिती समाधानकारक नव्हती, आणि ती पुढे इतकी बिघडली की १९७१ मध्ये संचालकपद स्वीकारल्यावर स्वतः मोनो ह्यांना आपल्या शक्तीचा मोठा भाग संस्था सावरण्यात वेचावा लागला. १९४५ मध्ये ते आंद्रे ल्वॉफ ह्यांच्या विभागात आले तेव्हा परकीय साहाय्याचा अनुभव त्यांना नवा नव्हता. १९३६ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर ते कॅलिफोर्नियात मॉर्गन ह्यांच्या प्रयोगशाळेत जाऊन आले होते. झाकोब १९५० मध्ये ह्या विभागात दाखल झाले. शल्यवैद्य होण्याचा त्यांचा मानस होता; परंतु १९४४ मध्ये नॉर्मंडीत झालेल्या गंभीर जखमांमुळे तो मार्ग बंद झाला होता. माळ्यावरच्या अरुंद खोल्यांत, एका बोळाच्या एका टोकाला ल्वॉफ व झाकोब आणि दुसऱ्या टोकाला मोनो, अशी ही मंडळी काम करीत.

त्यांच्यापुढचा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक होता. आतड्यात राहणाऱ्या एशेरिकिया कोलाय ह्या जंतूला ग्लुकोज व दुग्धशर्करा एकत्र दिल्या, तर तो आधी ग्लुकोज संपवितो, थोडा वेळ त्याची वाढ थांबते, आणि मग तो दुग्धशर्करेकडे वळतो. मोनो ह्यांच्या १९४१ च्या प्रबंधात अशा दुहेरी वाढीचे वर्णन आले आहे. दुग्धशर्करा फोडणारे एंझाइम त्या जंतूत एरवी जवळजवळ नसते. शर्करा मिळताच ते सुमारे हजार पटींनी वाढते. हे एंझाइम आधीच अस्तित्वात असलेल्या एखाद्या द्रव्याचे रूपांतर होऊन निर्माण होते की अगदी नव्याने घडते, हा पहिला वाद होता. डेव्हिड हॉग्नेस, मेल्विन कोन व मोनो ह्यांनी १९५५ मध्ये किरणोत्सर्गी गंधकाच्या साहाय्याने तो मिटविला : एंझाइम नव्याने घडते. ह्यानंतर प्रश्न उरला तो आज्ञेचा. हे घडविण्याची आज्ञा कोण देतो?

१९५७ मध्ये बर्कलीहून आर्थर पार्डी पॅरिसला आले, आणि झाकोब व मोनो ह्यांच्यासह त्यांनी जो प्रयोग केला तो तिघांच्या नावांची आद्याक्षरे जोडून ‘पाझामो’ ह्या विनोदी नावाने प्रसिद्ध आहे. ज्या जंतूत एंझाइमचे जनुकही सदोष व नियामक जनुकही सदोष, अशा जंतूत संयुग्मनाच्या द्वारे दोन्हीही निर्दोष जनुके सोडण्यात आली. काही मिनिटांतच, शर्करा नसतानाही, एंझाइम तयार होऊ लागले. परंतु काही काळ गेल्यावर ती निर्मिती थांबली आणि शर्करेवाचून ती पुन्हा होईना. ह्याचा अर्थ असा की नियामक जनुक निर्मितीस प्रेरणा देत नाही, तर ती दाबून टाकणारे एक द्रव्य, रिप्रेसर, तयार करते. शर्करा ते दडपण दूर करते. प्रेरणा म्हणजे निषेधाचा निषेध, ही कल्पना लिओ सिलार्ड ह्यांनी आग्रहाने पुढे मांडली होती, हे मोनो ह्यांनी १९६५ च्या नोबेल व्याख्यानात मोकळेपणाने मान्य केले आहे.

ह्या सर्व प्रयोगांस लागले काय? किरणोत्सर्गी द्रव्ये, बाजारात न मिळणारी कृत्रिम शर्करासंयुगे, आणि बाहेरून येऊन वर्ष-दीड वर्ष राहणारी माणसे. वेतन व जागा ह्यांच्या अंदाजपत्रकात बसत नाहीत अशाच ह्या गोष्टी होत. पुरवणी अनुदानाचे महत्त्व त्याच्या रकमेपेक्षा ह्या मोकळेपणात अधिक आहे, हे अनुदानांचे हिशेब तपासणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच येते.

तीन दात्यांपैकी चाइल्ड्स निधीचे उदाहरण विशेष विचार करण्याजोगे आहे. १९३६ मध्ये कर्करोगाने निधन पावलेल्या एका स्त्रीच्या स्मरणार्थ तिचा पती व भगिनी ह्यांनी १९३७ मध्ये हा निधी येल विद्यापीठाच्या आश्रयाने स्थापन केला. कर्करोगाची कारणे व उपचार हा त्याचा घोषित हेतू. त्या निधीतील पैसा दुग्धशर्करा पचविणाऱ्या जंतूवर खर्च व्हावा, हे दात्यांच्या इच्छेस धरून होते काय? प्रश्न अनुचित नाही. शोकातून दिलेल्या धनावर रुग्णाचा अधिकार पहिला, असे कोणी म्हटल्यास त्यास केवळ ‘मूलभूत संशोधन’ हा शब्द उच्चारून गप्प बसविता येणार नाही.

ह्याचे उत्तर १९६१ च्या निबंधाच्या समारोपात, ऋणनिर्देशाच्या अगदी जवळ, आहे. जनुकसमुच्चयात जे जे सामर्थ्य साठविलेले आहे ते सर्व प्रत्येक ऊतकातील पेशी सर्वकाळ व्यक्त का करीत नाहीत, हाच शरीरक्रियेचा व गर्भविज्ञानाचा मूळ प्रश्न होय, असे लेखक तेथे म्हणतात. आणि लगेच, वाढीवर नियंत्रण ठेवणाऱ्या यंत्रणेचा भंग म्हणजेच कर्करोग, असे सुचवितात. हा केवळ दात्यांविषयीचा शिष्टाचार होता, असा आक्षेप घेता येईल. तो टिकत नाही. दडपणाने नियमन होते हे एकदा सिद्ध झाले म्हणजे दडपण सुटल्यास काय होईल हा प्रश्न आपोआपच उपस्थित होतो. तो टाळला असता तर निबंधच अपुरा राहिला असता.

‘व्यक्त करणे’ हे क्रियापद येथे सहज आलेले दिसते. पुढे ते शास्त्राची संज्ञा झाले. मराठीत ‘अभिव्यक्ती’ म्हटले की बोलणारा कोणी गृहीत धरला जातो, आणि जनुकामागे असा कोणी नाही; तेवढ्यापुरता हा शब्द फसवा आहे. परंतु सांख्यांच्या मते कार्य हे कारणात अव्यक्त रूपाने असतेच, ते केवळ व्यक्त होते. हा जुना अर्थ लक्षात घेतला तर ही संज्ञा इंग्रजी शब्दापेक्षाही अधिक चपखल बसते.

इतर दोन दात्यांविषयी थोडक्यात. मोनो ह्यांना १९५२ मध्ये, पूर्वीच्या साम्यवादी पक्षाच्या सभासदत्वामुळे, अमेरिकेच्या प्रवेशपत्रासाठी अशा अटींस तोंड द्यावे लागले की त्यांनी जाहीर पत्र लिहून आपली अडचण मांडली. त्याच देशाच्या शासकीय प्रतिष्ठानाचा पैसा पुढे त्यांच्या प्रयोगशाळेत आला; माणसास जे दार बंद होते ते अनुदानास बंद नव्हते. फ्रेंच अणुशक्ती आयोगाचा नामोल्लेख मुंबईच्या वाचकास अपरिचित वाटू नये. होमी भाभा ह्यांच्या निमंत्रणावरून ओबैद सिद्दिकी ह्यांनी १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला, तोही अणुशक्ती खात्याच्याच आश्रयाखाली.

कर्करोगाविषयीचे सूचन मात्र दीर्घकाळ सूचनच राहिले. रिप्रेसर हे द्रव्य प्रत्यक्ष हाती लागले ते १९६६ मध्ये, वॉल्टर गिल्बर्ट व बेन्नो म्यूलर-हिल ह्यांच्या प्रयत्नांनी. अनेक जनुकांची अभिव्यक्ती एकाच वेळी मोजण्याची तबकडी १९९५ मध्ये आली. तिच्या पद्धतीने टॉड गोलब व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये रक्ताच्या कर्करोगाचे दोन प्रकार केवळ जनुकांच्या अभिव्यक्तीवरून वेगळे ओळखून दाखविले. २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी, निरनिराळ्या घटक संस्थांच्या नित्य अंदाजपत्रकाबाहेर ठेवलेल्या सामाईक निधीतून, मानवी ऊतकांतील जनुकांच्या अभिव्यक्तीचा एक प्रचंड संग्रह करावयास घेतला. २०२० मध्ये त्याचे जे अखेरचे मोठे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात ८३८ मृत दात्यांच्या ४९ प्रकारच्या ऊतकांचा समावेश आहे, आणि त्यातील प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत १९६१ च्या त्या समारोपात आढळतो.