भारताचे सरासरी वार्षिक तापमान

भारताचे सरासरी वार्षिक तापमान म्हणजे देशभरातील वेधशाळांत नोंदलेल्या, जमिनीलगतच्या हवेच्या तापमानाची वर्षभराची सरासरी होय. भारतीय हवामान विभागाकडे १९०१ पासूनची अशी मालिका उपलब्ध आहे.

दीर्घकालीन कल

एखादे वर्ष उष्ण वा थंड गेले म्हणून हवामान बदलले असे ठरत नाही. जागतिक हवामान संघटनेच्या संकेतानुसार त्यासाठी ३० वर्षांची सरासरी विचारात घेतात. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सियसने वाढले. हरितगृह वायू हे या वाढीचे मुख्य कारण असून हवेतील सूक्ष्म कणांमुळे ती काही अंशी रोखली गेली आहे.

आधारकाळ

वार्षिक तापमान आधारकाळाच्या सरासरीशी ताडून सांगितले जाते. २०१६ हे वर्ष १९८१–२०१० च्या सरासरीपेक्षा ०.७१ अंशाने, तर १९९१–२०२० च्या सरासरीपेक्षा ०.५४ अंशाने अधिक उष्ण ठरते. वर्ष तेच असले तरी नवा आधारकाळ स्वतःच अधिक उष्ण असल्याने फरक कमी दिसतो. त्यामुळे निरनिराळ्या अहवालांतील आकड्यांची तुलना करताना आधारकाळ पाहणे आवश्यक असते. १९९१–२०२० च्या सरासरीपेक्षा ०.६५ अंशाने अधिक तापमानाचे २०२४ हे १९०१ पासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले.