बोलकी विमाने



पारनेरच्या माळावर सांजवेळी उभे राहिले, की पुष्कळदा उंच आभाळात एखादे विमान जाताना दिसते. पांढरी रेघ ओढीत ते मुकाट्याने चालले आहे, असे आपल्याला वाटते. पण ते मुके नसते. इंजिन किती तापले आहे, हवेचा दाब किती, आपण कुठे आहोत, हे सारे ते जमिनीवर कळवीत असते. आणि तेही वैमानिकाने तोंड न उघडता! ही बोलण्याची विद्या विमानाला कशी आली, त्याची हकीकत आज सांगायची आहे.

बैलगाडी हाकणाऱ्याला आख कुरकुरला की समजते, वंगण घालायची वेळ झाली. आख मोडेपर्यंत तो थांबत नाही. विमानाचा आवाज मात्र जमिनीवरच्या कारागिराला ऐकू येत नाही. म्हणून यंत्राच्या अंगावर ताप, दाब, कंप मोजणारे लहान लहान संवेदक बसवायचे आणि त्यांची मापे रेडिओने किंवा उपग्रहामार्फत दूरच्या गणकयंत्राकडे धाडायची. वस्तूंनी वस्तूंशी बोलण्याच्या या व्यवस्थेला इंग्रजीत ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ म्हणतात. हे नाव केव्हिन ॲश्टन यांनी १९९९ मध्ये दिले. नाव नवे, पण गरज मात्र फार जुनी आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे उतरले. विमान एका इंजिनाचे, ‘पस मॉथ’ जातीचे. त्यात रेडिओ नव्हता. वाटेत काही बिघडले असते, तर जुहूला वाट पाहणाऱ्यांना ते कळायला मार्गच नव्हता. विमान दिसले की पोचले, एवढीच काय ती खबर!

आकाशातून माणसावाचून बोलणारे पहिले यंत्र विमानात नव्हते, ते फुग्याला बांधलेले होते. १९२९-३० च्या सुमारास फ्रान्स आणि रशियातल्या शास्त्रज्ञांनी फुग्याखाली तपमान व दाब मोजणारे यंत्र लटकावून त्याची मापे रेडिओने खाली आणली. त्याला रेडिओसाँड म्हणतात. मुंबई, नागपूर येथून हवामान खाते असे फुगे आजही सोडते, आणि वरच्या हवेचा तो वृत्तांत वैमानिकांच्याही कामी येतो.

विमानाने मात्र आधी बोलण्याऐवजी लिहून ठेवायला सुरुवात केली. २ मे १९५३ रोजी कलकत्त्याहून निघालेले ‘कॉमेट’ जातीचे जेट विमान वादळात कोसळले. १९५४ मध्ये याच जातीची आणखी दोन विमाने भूमध्य समुद्रात पडली. ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड वॉरन कॉमेटच्या चौकशीत होते. त्यांचे वडील १९३४ मध्ये विमान अपघातातच वारले होते. शेवटच्या क्षणी काय घडले ते सांगणारा कोणीच उरत नाही, म्हणून वैमानिकांचे बोलणे व यंत्रांची मापे टिपून ठेवणारी पेटी त्यांनी सुचविली. हीच आजची ‘ब्लॅक बॉक्स’. पण या पेटीत एक उणीव होती. ती बोलायची, पण सारे आटोपल्यानंतर, आणि तीही सापडली तर!

आता आपल्या मुंबईची गोष्ट. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जंबो जेट सांताक्रूझहून दुबईला निघाले आणि थोड्याच वेळात वांद्र्याच्या किनाऱ्यासमोर समुद्रात कोसळले. आतले सर्व २१३ जण गेले. भारतातल्या चौकशीचा निष्कर्ष असा, की विमान किती कलले आहे ते दाखविणारे मुख्य वैमानिकासमोरचे यंत्र बिघडले होते. ते विमान उजवीकडे कललेले दाखवीत राहिले, म्हणून त्यांनी ते डावीकडे वळविले. बाहेर काळोख, खाली समुद्र. डोळ्यांनी पडताळा पाहायची सोय नव्हती. (पुढे १९८५ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने हे विमान व यंत्रे बनविणाऱ्या कंपन्यांना जबाबदार धरले नाही, हेही सांगितले पाहिजे.) आता तुम्ही म्हणाल, यंत्र बोलत होते की! होय, पण ते चूक सांगत होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच १९७८ साली अमेरिकेत विमानांना जमिनीशी आपणहून बोलविण्याची सोय सुरू झाली. तिचे नाव ‘एकार्स’. निघालो, उडालो, टेकलो, पोचलो, एवढाच मजकूर आधी जाई. पुढे त्यात इंजिनाची प्रकृतीही आली. वैद्याने रोज नाडी पाहावी तशी कारखान्यातली माणसे इंजिनाची मापे पाहू लागली. विमान आकाशात असतानाच कोणता भाग बदलायचा ते कळते, आणि उतरण्याआधीच तो भाग काढून ठेवता येतो. नागपूरच्या मिहानमध्ये विमान-दुरुस्तीचे मोठे केंद्र आहे. अशा ठिकाणच्या कामाला या बातमीचा मोठा आधार असतो. आपल्या जिल्ह्यात काकडीला, शिर्डीच्या विमानतळावर, १ ऑक्टोबर २०१७ पासून विमाने उतरू लागली. म्हणजे ही विद्या आता आपल्याही दारी आली आहे.

तरीही बोलणे अपुरे पडलेच. रिओहून पॅरिसला निघालेल्या विमानाने १ जून २००९ रोजी शेवटच्या काही मिनिटांत बिघाडाचे २४ संदेश आपणहून धाडले. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने बुजल्याची खूण त्यांत होती. पण ते संदेश दुरुस्तीवाल्यांसाठी होते. विमानातले २२८ जण वाचले नाहीत, आणि पेट्या समुद्रतळाशी सापडायला २०११ साल उजाडले. ८ मार्च २०१४ रोजी मलेशियाचे विमान २३९ जणांसह नाहीसे झाले. उपग्रह त्याला दर तासाने ‘आहेस का?’ एवढेच विचारी, आणि ते ‘आहे’ म्हणे. कुठे आहे, ते त्यात नव्हते. यानंतर मोठ्या प्रवासी विमानांचा ठावठिकाणा समुद्रावरही निदान दर १५ मिनिटांनी कळावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आला.

आणि आता तो राखून ठेवलेला मुद्दा. बोईंगच्या ‘७३७ मॅक्स’ विमानात नाकाचा कोन मोजणारे संवेदक दोन होते. पण विमानाचे नाक आपोआप खाली दाबणारी यंत्रणा एका वेळी त्यांतल्या एकाचेच ऐके. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात त्या एकाने चूक सांगितले, आणि मिळून ३४६ माणसे गेली. नंतर दोन्ही संवेदकांचे माप ताडून पाहण्याची सुधारणा झाली. वांद्र्याच्या अपघातानंतर ४० वर्षांनी पुन्हा तोच धडा, आणि त्याची किंमत पुन्हा माणसांच्या जिवाने मोजावी लागली!

गावात तंटा झाला तर पंच एकाच साक्षीवर निकाल देत नाहीत. दुसऱ्याला बोलावतात, बांधावर जाऊन स्वतः पाहतात. यंत्राच्या साक्षीलाही हाच न्याय लावला पाहिजे. संवेदक हजार बसवा, पण एकाचे माप दुसऱ्याशी ताडून पाहणारे कोणी हवे. आणि बातमी पोचली की तिच्यावरून काय करायचे, हे ज्याला ठाऊक आहे असा माणूस पलीकडे जागा हवा.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवितो. शाळेच्या ओट्यावर दोन तपमापके शेजारी शेजारी टांगा. मुलांना रोज दोन्हींची मापे वहीत लिहू द्या. एखाद्या दिवशी दोन्हींत फरक पडेल. त्या दिवशी उत्तर चटकन सांगून टाकू नका. कोणते खरे, आणि ते ओळखायचे कसे, एवढे मुलांनाच विचारा.