तीनशेचा छाप, साडेचारशेची धाव

संगणकावर लटके विमान उडवणाऱ्या हौशी माणसांनी आपल्या यंत्राचा वेग कारखान्याने आखून दिलेल्या मर्यादेपलीकडे कसा नेला, हा विषय व्याख्यानमालेच्या पत्रिकेत पाहून काही मंडळींना हसू आले असेल. हा राजेरजवाड्यांचा इतिहास नव्हे, हे खरेच आहे. परंतु यंत्राने कोणत्या गतीने चालावे आणि ती गती कोणी ठरवावी, हा प्रश्न कामगार चळवळीत वावरणाऱ्या आम्हां मंडळींना मुळीच परका नाही. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला, त्याच्या मुळाशी दोनांऐवजी तीन माग एका विणकराच्या गळ्यात बांधण्याची मालकांची योजनाही होती. त्या संपाचा इतिहास आपल्याकडे पुष्कळांनी लिहिला आहे. आज आम्ही सांगणार आहोत तो इतिहास एका बोटभर लांबीच्या यंत्राचा आहे.

आरंभ विमानापासूनच केला पाहिजे. अमेरिकेतील बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा तरुण होता. त्याच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनचे भाते, झडपा आणि नळ्या घेऊन त्याने १९२९ साली जमिनीवरच डुलणारे, कलणारे एक ठेंगणे विमान तयार केले. प्रथम त्याची गणना जत्रेतल्या खेळण्यात झाली. पुढे १९३४ साली अमेरिकेच्या लष्कराकडे टपाल वाहण्याचे काम आले. ढगांत व वादळात, केवळ उपकरणे पाहून उडण्याचे शिक्षण नसलेले वैमानिक पटापट मरण पावले. तेव्हा लष्कराने लिंकची सहा यंत्रे घेतली. माणसे मेल्यावर शिक्षणाची सोय होते, हा अनुभव खाणीत काय आणि कारखान्यात काय, सारखाच आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकन आरमाराने एमआयटी या संस्थेकडे अशी मागणी केली की, कोणत्याही विमानाची नक्कल करता येईल असे एकच यंत्र बनवावे. जे फॉरेस्टर आणि त्यांचे सहकारी या कामास लागले, आणि त्यांच्या ध्यानात आले की हे साधायचे तर वैमानिकाने दांडा हलवताच त्याच क्षणी उत्तर देणारा संगणक हवा. त्यातून १९५१ साली ‘व्हर्लविंड’ हा संगणक चालू झाला. तोवर विमानाची नक्कल बाजूला पडली होती. संगणक मात्र राहिला. सांगायचे ते एवढेच, की संगणकाला वेगाची भूक लागली तिच्यामागे विमानही होते.

घराघरांतल्या संगणकावर हे विमान आणले ब्रूस आर्टविक यांनी. इलिनॉय विद्यापीठात त्यांनी याच विषयाचा अभ्यास केला होता. प्रथम ॲपल संगणकासाठी आणि मग १९८२ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टच्या नावाने आयबीएमच्या पीसीसाठी त्यांचा ‘फ्लाइट सिम्युलेटर’ बाहेर पडला. त्या पीसीचा प्रोसेसर, म्हणजे हिशेब करणारा मेंदू, ४.७७ मेगाहर्ट्झ गतीने चाले; सेकंदाला सुमारे अठ्ठेचाळीस लाख ठोके. एवढ्या ठोक्यांत काही रेघांचे शिकागो शहर आणि तेथील सरोवराकाठचा मेग्ज फील्ड हा विमानतळ उभा राही. (पुढे २००३ च्या मार्चमध्ये एका रात्री त्या शहराच्या महापौरांनी बुलडोझर लावून या खऱ्या विमानतळाची धावपट्टी उखडून टाकली. तोवर जगभरच्या हजारो मुलांनी तिच्यावर लटकी विमाने उतरवली होती.)

आता हे ठोके म्हणजे काय? प्रत्येक संगणकात स्फटिकाचा एक तुकडा असतो. वीज दिली की तो ठरीव गतीने कंप पावतो आणि त्याच्या तालावर सर्व यंत्र पाऊल टाकते. लेझीम पथकाला ढोलकरी असतो, तसा हा स्फटिक. ढोल जलद वाजला की पथकाला जलद नाचावे लागते. याच ढोलाला ‘क्लॉक’ म्हणतात, आणि कारखान्याने ठरवल्यापेक्षा तो जलद वाजवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. १९८४ साली आयबीएमने ६ मेगाहर्ट्झचा ‘एटी’ संगणक काढला. त्यात १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक होता व त्याच्या निम्म्या गतीने प्रोसेसर चाले. हुषार लोकांनी तो स्फटिक उपसून १६ चा बसवला. यंत्र निमूटपणे ८ वर चालू लागले. आयबीएमने यावर काय करावे? १९८६ साली तिने स्वतःच ८ मेगाहर्ट्झचे यंत्र काढले आणि त्यात अशी तजवीज केली की, सुरू होतानाच यंत्राने आपली गती तपासावी आणि ती जास्त आढळली तर चालण्यास नकार द्यावा! यंत्र बिघडेल म्हणून ही काळजी, असे कोणी म्हणेल. पण स्वस्त यंत्र महाग यंत्राच्या बरोबरीने धावू लागले तर महाग यंत्र कोण घेणार, ही काळजी त्याहून मोठी असते, असे आमचे मत आहे.

विमानाच्या खेळालाच वेगाची एवढी ओढ का, हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. पडद्यावरचे चित्र सेकंदाला वीस वेळा बदलायचे म्हटले तर प्रत्येक चित्रामागे एका सेकंदाचा विसावा भाग मिळतो. तेवढ्यात पंखावरचा वारा, इंजिनाचा जोर, वजन, ढग, खालची जमीन, आकाशातली इतर विमाने या सर्वांचा हिशेब पुरा झाला पाहिजे. चित्र काढणारे कार्ड निराळे असते, पण काय काढायचे हे प्रोसेसरच सांगतो. शिवाय यातले बरेचसे हिशेब एकामागून एकच करावे लागतात. वाऱ्याचा हिशेब झाल्यावाचून विमान कोठे आहे ते कळत नाही आणि ते कळल्यावाचून कोणती जमीन दाखवायची ते ठरत नाही. चार गडी लावून विहीर लवकर खणता येते, पण दोरीला एकच पोहरा असेल तर चार गडी असून पाणी लवकर निघत नाही. म्हणून अशा कामाला पुष्कळ प्रोसेसरांपेक्षा एकच चपळ प्रोसेसर हवा. तो कमी पडला की चित्रे सेकंदाला दहा-बारावर येतात, आणि नेमके विमान जमिनीला टेकवण्याच्या वेळी दांड्याला उत्तर उशिरा मिळते. शिकणाराचा हात बरोबर असूनही विमान आपटते.

या पार्श्वभूमीवर १९९८ साल उजाडले. इंटेल कंपनीचा पेंटियम-टू हा भारी प्रोसेसर बाजारात होता. स्वस्त मालात प्रतिस्पर्धी कंपन्या शिरत होत्या, म्हणून इंटेलने एप्रिलमध्ये ‘सेलेरॉन’ नावाचा हलका माल काढला. स्वस्त करण्यासाठी त्यातली कॅश नावाची जवळची स्मरणजागा काढून टाकली होती. चुलीपाशी मिसळणाचा डबा नाही, प्रत्येक चिमटीसाठी माजघरात जावे लागते, अशी त्या प्रोसेसरची अवस्था झाली. लोकांनी नावे ठेवली. तेव्हा ऑगस्टमध्ये कंपनीने सुधारलेला ‘सेलेरॉन ३००ए’ काढला. त्यात १२८ किलोबाइटची कॅश त्याच सिलिकॉनच्या तुकड्यावर, पूर्ण वेगाने चालणारी. पेंटियम-टूची कॅश आकाराने चौपट, ५१२ किलोबाइट. परंतु ती निराळ्या चिपांत होती व निम्म्या वेगाने चाले. म्हणजे गरिबाचा डबा लहान, पण हाताशी!

किमती ऐका. ३०० मेगाहर्ट्झच्या या सेलेरॉनची कंपनीची घाऊक किंमत १४९ डॉलर. त्याच सुमारास निघालेल्या ४५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम-टूची ६६९ डॉलर. आणि दोन्हींची मूळ घडण एकाच कुळीची, एकाच ०.२५ मायक्रॉन पद्धतीची.

कंपनीने सेलेरॉनच्या पोटात ४.५ हा गुणक कायमचा पक्का करून ठेवला होता. मदरबोर्ड ६६ मेगाहर्ट्झचा ताल देई, त्याची साडेचारपट म्हणजे ३००. गुणक बदलता येत नव्हता, पण ताल? पेंटियम-टूसाठी म्हणून त्याच वर्षी १०० मेगाहर्ट्झच्या तालाचे मदरबोर्ड निघाले होते. त्यावर सेलेरॉन बसवला आणि ताल १०० केला की साडेचारपट बरोबर ४५०. बोर्डाचे इतर भाग १०० साठीच घडवलेले, त्यामुळे त्यांच्यावर ताण नाही. काही बोर्ड प्रोसेसरला विचारून ताल ठरवत. तेव्हा लोकांनी प्रोसेसरच्या पट्टीवरील बी-२१ या एका टोकावर चिकटपट्टीचा तुकडा लावला. ते टोक झाकले की बोर्डाला वाटे, हा शंभराचाच गडी. सारे प्रोसेसर ४५० वर टिकले असे नव्हे, पण इतके टिकले की ३००ए ची कीर्ती आजही जुने लोक सांगतात. पुष्कळ खेळांत तो ६६९ डॉलरच्या भावाच्या खांद्याला खांदा लावून धावे. ज्याच्या घरी तीन-चार वर्षांचे जुने यंत्र होते आणि १९९९ साली आलेल्या ‘फ्लाइट सिम्युलेटर २०००’ने ते धापा टाकू लागले होते, त्याला ही दौलतच वाटली.

हे शक्य झाले याचे कारण वर्गवारीत आहे. एका तबकडीवर शेकडो चिपा कोरल्या जातात. मग त्यांची परीक्षा होते, आणि ज्या गतीला जी टिकते त्या गतीचा छाप तिच्यावर बसतो. येथवर ठीक. परंतु कारखाना पक्का झाला की बहुतेक चिपा वरच्या वर्गात उत्तीर्ण होऊ लागतात, आणि बाजाराला तर स्वस्त माल हवा असतो. तेव्हा पहिल्या वर्गातल्या विद्यार्थ्याच्या हातात तिसऱ्या वर्गाचे प्रमाणपत्र दिले जाते. छाप चिपेची कुवत सांगत नाही. गिऱ्हाइकाच्या खिशाची कुवत सांगतो.

येथे आमच्याच गोटातले कोणी विचारील की, मालकही कामगाराबद्दल हेच म्हणत आला ना, की याच्या अंगात अजून शिल्लक आहे, ढोल जलद वाजवा? म्हणत आला. फरक असा की चिपेला घर नाही, पाठीचा कणा नाही, आणि तिची गती वाढवणारा स्वतःच्याच मालकीची वस्तू पणाला लावतो. पणाला लावतो हे खरे. गती दीडपट केली की वीज व उष्णता सुमारे दीडपट होते. स्थैर्यासाठी व्होल्टेज २.० चे २.२ केले तर उष्णता वर्गाच्या हिशेबाने वाढून एकंदर १.८ पट होते. पंखा मोठा लावावा लागतो, चिपेतल्या सूक्ष्म तारा लवकर झिजतात, हमी संपते. उड्डाणाच्या दुसऱ्या तासाला यंत्र गोठले तर तक्रार कोणाकडे न्यायची?

कंपन्यांनी गुणकाला कुलूप लावले त्याला एक सबळ कारणही होते. लबाड व्यापारी स्वस्त चिपेवरचा छाप खरवडून वरच्या गतीचा छाप मारीत आणि महाग विकीत. ही गिऱ्हाइकाची उघड फसवणूक होती. पण चोरासाठी लावलेले कुलूप घरच्या माणसालाही बाहेर ठेवते. २००० साली एएमडीच्या चिपांवर दिसणारे तुटक सांधे लोकांनी साध्या शिसपेन्सिलीने जोडले, ग्रॅफाइटमधून वीज वाहते म्हणून, आणि गुणक मोकळा केला. पेन्सिलीचा असा उपयोग शाळामास्तरांच्या स्वप्नातही आला नसेल!

पुढची कथा जलद सांगतो. २००६ साली ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ आला, आणि तो त्या वेळच्या कोणत्याही यंत्राला जड गेला. एका प्रोसेसरात दोन-दोन गाभे आले होते, पण या खेळाचा भार मुख्यतः एकावरच पडे. २००७ मध्ये काही दुरुस्ती झाली. मग जानेवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने मोठी नोकरकपात जाहीर केली आणि हा खेळ घडवणारा एसेस हा विभागच बंद केला. खेळ हलका करणारे हातच गेले, तेव्हा खेळणाऱ्यांजवळ यंत्राची गती वाढवण्यावाचून उपाय उरला नाही, आणि पुढे कित्येक वर्षे ते तेच करीत राहिले.

इंटेलने २०१० साली तर कमाल केली. पेंटियम जी-६९५१ या चिपेत काही कॅश व काही शक्ती मुद्दाम बंद करून ठेवली आणि ५० डॉलरचे कार्ड विकत घेतले की ती उघडेल, अशी योजना काढली. घर विकत घ्यावे आणि माजघराच्या किल्लीचे पैसे निराळे मोजावेत! लोक चिडले, २०११ मध्ये योजना गुंडाळली गेली. पण त्याच वर्षीच्या नव्या पिढीत ताल जवळजवळ बांधून टाकण्यात आला, आणि मोकळ्या गुणकाची चिप ‘के’ अक्षर लावून अधिक दामाने विकली जाऊ लागली. चिकटपट्टीच्या तुकड्याने जे मिळत होते, त्याला आता दरपत्रक लागले.

सेलेरॉनच्या त्या काळात शौकीन लोक दुकानात चिप पाहताना तिच्यावर मलेशिया लिहिले आहे की कोस्टा रिका, हे निरखून बघत. कोणत्या गावची जास्त धावते यावर वाद रंगत. त्या गावांतल्या कारखान्यांत चिपांची जोडणी व परीक्षा होई. म्हणजे ३०० चा छाप तेथल्याच हातांखालून जाई. मलेशियात इलेक्ट्रॉनिक्स कामगारांना १९८८ पर्यंत युनियन काढण्याची मुभाच नव्हती, आणि त्यानंतरही बराच काळ फक्त एकेका कंपनीपुरती. इंटेलने कोस्टा रिकातले जोडणी-परीक्षेचे काम २०१४ साली बंद करून आशियातल्या कारखान्यांकडे नेले. त्या वेळी सुमारे दीड हजार माणसे कामावरून गेली.