मिरजेची जवारी

वाशीम जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात गाणे शिकणारी मुलगी आज मोबाईलवर तानपुरा लावते आणि सा धरते. घरात भोपळा नाही, तार नाही. तरी सूर मात्र घरभर भरून राहतो. हा सूर यंत्रात आला कोठून? ते पाहायचे तर मिरजेच्या कारागिरांकडे जावे लागेल.

एकोणिसाव्या शतकात मिरजेस फरीदसाहेब शिकलगार नावाचे कारागीर होते. शिकलगारांचा धंदा हत्यारांना धार लावण्याचा. इंग्रजी अंमलात शस्त्रांचे दिवस सरले, धंदा बसला. तेव्हा फरीदसाहेब गवयांची वाद्ये दुरुस्त करू लागले आणि पुढे स्वतःच सतारी-तानपुरे घडवू लागले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, लाकूड, तारा आणि हाताचा अंदाज, एवढेच भांडवल!

खरी करामत असते ती घोडीत. तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. छेडलेली तार त्या उतारावर पुन्हापुन्हा टेकते आणि सुटते. तारेखाली सुताचा धागा नेमक्या जागी सरकवला की सूर फुलतो. हीच जवारी.

सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली या घोडीचे शास्त्र मांडले. शिक्षकांनी हे मुलांना जरूर सांगावे. साधी तार बरोबर मध्यावर छेडली, तर काही उपस्वर उमटत नाहीत. तानपुऱ्यात मात्र तेही ऐकू येतात. पुस्तकातला नियम कारागिराने केव्हाच ओलांडला होता!

पुढे १९७९ साली बंगळूरचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला. मग संगणक आला. खऱ्या तानपुऱ्याचा नाद मुद्रित करून तो आकड्यांत साठवता येऊ लागला, त्याची पट्टी हवी तशी बदलता येऊ लागली. गरिबाच्या लेकरालाही सूर मिळाला, हे भलेच झाले. पण नक्कल करायची तर आधी अस्सल हवे ना?

२०२४ साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. नाव राखले गेले. हात कोण राखणार? जवारी लावणे वाचून येत नाही, जाणत्याच्या शेजारी बसून कानाने शिकावे लागते. म्हणून गुरुजींनो, वर्षातून एकदा तरी मुलांना खरा तानपुरा ऐकवा. तो ऐकलेला कानच उद्या यंत्राची परीक्षा घेईल.