डोंगरात एकटे असताना घास अडकला तर काय कराल? वाचा सविस्तर माहिती

अकोले : पाऊस सुरू झाला की कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड या भागात शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. मात्र आठवड्याच्या मधल्या दिवशी, पहाटे अंधारात निघून एकट्यानेच गड चढणारेही आता बरेच दिसू लागलेत. आणि आपल्या गावातली माणसं तर वर्षभर एकटीच रानात असतात. गुरं घेऊन गेलेला गुराखी, हिरडा गोळा करायला गेलेली बाई, मळ्यात पिकाची राखण करणारा शेतकरी, यांच्याजवळ दुपारच्या भाकरीच्या वेळी बहुतेकदा कोणी नसतं.

पाय घसरणं, साप चावणं, धुक्यात वाट चुकणं यावर खूप बोललं जातं. घास अडकण्यावर कोणी बोलत नाही. कारण घरी असं झालं तर शेजारचा माणूस पाठीत चार थापा मारतो आणि विषय संपतो. एकट्या माणसाला तो शेजारचा हात नसतो आणि हाताशी वेळ असतो जेमतेम एक-दोन मिनिटांचा. म्हणून या बाबतीत काय करायचं ते आधीच माहीत असावं लागतं. प्रसंग आल्यावर मोबाईलवर शोधता येत नाही.

आधी ओळखा, अडकलंय कुठे

घशातून दोन वाटा खाली जातात. पुढची श्वासनलिका, मागची अन्ननलिका. आपण गिळतो तेव्हा श्वासनलिकेच्या तोंडावर एक छोटं झाकण पडतं आणि घास मागच्या वाटेने जातो. बोलताना, हसताना किंवा धापा टाकताना हे झाकण उघडं असतं. चढावर माणूस तोंडाने श्वास घेतो, तोही जोरात. त्याच वेळी तोंडात शेंगदाणा असेल तर तो हवेबरोबर सरळ आत ओढला जातो.

भाकरीचा कोरडा तुकडा छातीत अडकल्यासारखा वाटतोय, दुखतंय, पण तुम्ही बोलू शकता, श्वास नीट चालू आहे, तर तो अन्ननलिकेत आहे. यात जीव घाबरा होतो, पण गुदमरत नाही. अशा वेळी पोटावर धक्के देऊ नका. शांत बसा. बहुतेक वेळा तो आपोआप सरकतो. पण थुंकीसुद्धा गिळता येत नसेल, लाळ बाहेर येत असेल तर वर चढणं थांबवून खाली उतरा आणि दवाखाना गाठा. वरून केळं किंवा भाताचा गोळा ढकलून बघायचा उपाय करू नका.

श्वासनलिकेत अडकलं असेल तर प्रकार वेगळा. त्यातही दोन पायऱ्या आहेत. खोकला येतोय, आवाज फुटतोय, थोडी का होईना हवा आत-बाहेर होतेय, म्हणजे वाट अर्धवट बंद आहे. आवाजच फुटत नाही, खोकला मुका झालाय, हात आपोआप गळ्याकडे गेलाय, ओठ निळे पडू लागलेत, म्हणजे वाट पूर्ण बंद आहे.

खोकला येत असेल तर खोकत राहा

अर्धवट अडकलेलं असताना खोकल्याइतका चांगला उपाय दुसरा नाही. कंबरेत पुढे वाका, डोकं खाली घ्या आणि जोर लावून खोका. उभं ताठ राहिलात तर सुटलेला तुकडा पुन्हा आत जाऊ शकतो.

आपल्याकडे ठसका लागला की 'वर बघ, वर बघ' म्हणतात, टाळूवर थापटतात, लगेच पाण्याचा तांब्या पुढे करतात. साध्या ठसक्याला यातलं काही केलं तरी फार बिघडत नाही, कारण तो आपला आपणच थांबतो. पण तुकडा खरोखर अडकला असेल तर वर बघू नका आणि पाणी तर अजिबात पिऊ नका. पाणी तुकड्याला खाली ढकलत नाही, तेही श्वासनलिकेतच जातं. घशात बोट घालून चाचपू नका, त्याने तुकडा आणखी आत रुततो.

शंभर-दोनशे पावलांवर माणसं दिसत असतील तर खोकत खोकत त्यांच्याकडे जा. लाज वाटून आडबाजूला जाऊ नका. हॉटेलात, लग्नाच्या पंगतीतही माणसं ठसका लागला की उठून एकांतात जातात आणि तिथेच कोसळतात. वाटेवर, सगळ्यांना दिसाल अशा जागी राहा.

आवाज बंद झाला तर

इथून पुढचं सगळं एका मिनिटात करायचं आहे. हवा पूर्ण बंद झाली की माणूस मिनिट-दोन मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा सुरू होते. कड्यापासून, पायऱ्यांच्या टोकापासून दोन पावलं आत या. पाठीवरची सॅक काढून टाका. कमरेचा पट्टा असलेली सॅक असेल तर तो आधी सोडा, कारण दाब तिथेच द्यायचा आहे.

एका हाताची मूठ वळा. अंगठ्याकडची बाजू पोटाला लावा, बेंबीच्या थोडं वर आणि छातीचं मधलं हाड जिथे संपतं त्याच्या बरंच खाली. दुसऱ्या हाताने ती मूठ घट्ट धरा. आता पुढे वाकून मूठ आत आणि वरच्या दिशेने जोरात, झटक्याने ओढा. हळूहळू दाबून उपयोग नाही. फुप्फुसात उरलेली हवा एकदम बाहेर फेकली गेली पाहिजे, बाटलीचं बूच उडतं तसं. पाच वेळा करा, तुकडा निघाला नाही तर पुन्हा करा.

हाताचा जोर कमी पडत असेल, आणि घाबरलेल्या, दमलेल्या माणसाचा तो पडतोच, तर अंगाचा भार वापरा. कंबरेच्या उंचीची कडक वस्तू शोधा. घरी खुर्चीची पाठ चालते. डोंगरात गोल कडेचा धोंडा, आडवं पडलेलं झाड, गडाच्या तटाचा बुटका भाग, कळसूबाईच्या शिड्यांचा लोखंडी कठडा चालतो. शेतात विहिरीचा कठडा सोडून काहीही चालेल. ट्रॅक्टरचं बोनेट, बैलगाडीची कड, गोठ्यातली गव्हाण. विहिरीवर मात्र जाऊ नका, तोल गेला तर वाचवायला कोणी नाही. बेंबी आणि बरगड्या यांच्या मधला भाग त्या कडेवर टेकवा आणि स्वतःला वरून झटक्याने खाली झोकून द्या. पुन्हा उठा, पुन्हा झोका. धारदार किंवा टोकदार दगड नको. बरगड्यांवर मार बसता कामा नये, पोटाच्या मऊ भागावर बसला पाहिजे.

एकट्याने केलेल्या या धडपडीत दम किती, अशी शंका येणं साहजिक आहे. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी काही निरोगी माणसांवर याची मोजमापं घेतली. माणसं मोजकीच होती, त्यामुळे अभ्यास छोटा. पण स्वतःच स्वतःला दिलेल्या धक्क्याने छातीत तयार होणारा दाब दुसऱ्याने दिलेल्या धक्क्याच्या तोडीचा निघाला आणि खुर्चीच्या पाठीवर झोकून दिल्यावर तो आणखी वाढला. म्हणजे जवळ कोणी नाही म्हणून सगळं संपलं असं नाही.

पोटावर धक्का देण्याची ही पद्धत अमेरिकेतले सर्जन हेन्री हाइमलिक यांनी १९७४ मध्ये मांडली, म्हणून तिला त्यांचंच नाव पडलं. पाठीत थापा मारायला त्यांचा विरोध होता. आजच्या सूचनांमध्ये मात्र दोन्ही आहेत. गंमत म्हणजे २०१६ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी, ते राहत होते त्या वृद्धाश्रमात शेजारी जेवणाऱ्या एका बाईंच्या घशात घास अडकला आणि त्यांनी आपलीच पद्धत वापरून तो काढला.

मोबाईलवर एक व्हिडिओ फिरतो. त्यात गुडघे आणि हात टेकून, मग हात झटकन बाजूला सरकवून छातीवर पडायला सांगतात. प्रथमोपचार शिकवणाऱ्या मोठ्या संस्था हे शिकवत नाहीत. आधी मूठ, मग धोंडा, हाच क्रम डोक्यात ठेवा. ऑनलाइन मिळणाऱ्या, तोंडावर लावून घास ओढून घेणाऱ्या पंपांचंही तसंच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २०२४ मध्ये लोकांना आधी नेहमीच्या पद्धती वापरायलाच सांगितलं आहे. सॅकच्या तळाशी असलेला पंप शोधण्यात मिनिट जाईल ते वेगळंच.

गरोदर बाईच्या पोटावर धक्के देत नाहीत, तिला दुसऱ्याने छातीच्या मध्यावर द्यायचे असतात. म्हणून दिवस गेलेल्या बाईने रानात एकटीने जाऊच नये, निदान तिथे खायला बसू नये.

फोन करायचा का?

आवाज फुटत नसताना फोनवर काय बोलणार? तरीही फोन लावता येत असेल तर ११२ लावून तो चालू ठेवा. आपल्या सिमला रेंज नसली तरी त्या जागी दुसऱ्या कंपनीची रेंज असेल तर ११२ लागू शकतो. बऱ्याच स्मार्टफोनवर पॉवरचं बटण झटपट तीन वेळा दाबलं, किंवा साध्या फोनवर ५ अथवा ९ चं बटण दाबून धरलं की आपत्कालीन कॉल जातो. प्रत्येक फोनचं थोडं वेगळं असतं, त्यामुळे आपल्या फोनवर काय आहे ते निघण्याआधी सेटिंगमध्ये बघून घ्या. पण क्रम चुकवू नका. आधी धक्के, फोन नंतर. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला ॲम्ब्युलन्स कितीही लवकर आली तरी ती चार मिनिटांत वर येणार नाही. शिट्टीचंही तेच. पूर्ण गुदमरलेल्या माणसाला शिट्टी फुंकता येत नाही, दगडावर काठी किंवा भांडं आपटून आवाज करता येतो.

खाण्याच्या सवयी

खरं तर यातलं बरंचसं टाळता येतं. चढताना खाऊ नका, एवढं पाळलं तरी पुष्कळ. थांबा, धाप शांत होऊ द्या, खाली बसा, मग डबा उघडा. ट्रेकची शिदोरी म्हणून आपण नेतो ते चिक्की, शेंगदाणे, फुटाणे, चिवडा हे सगळं टणक आणि बारीक, म्हणजे श्वासनलिकेत जायला नेमकं सोयीचं. ते वाईट नाही, बसून आणि चावून खायचं आहे. उकडलेलं अंडं अख्खं तोंडात कोंबू नका. कोरडी भाकरी असेल तर ठेच्याबरोबर कांदा किंवा दही असू द्या आणि मधेमधे पाण्याचा घोट घ्या. जांभळं, बोरं तोडून चालता चालता तोंडात टाकायची आणि बिया फुंकत जायचं ही सवय सगळ्यांनाच आहे. सपाटीवर ठीक, चढावर नको.

तोंडात खडीसाखर किंवा गोळी ठेवून चढायचा सल्ला जुने ट्रेकर देतात. घसा ओला राहतो हे खरं, पण पाय घसरून दचकलात तर ती गोळी कुठे जाईल? हीच गोष्ट सुपारीची. गालात सुपारी धरून गड चढणारे आणि माळ्यावर राखणीला बसल्या बसल्या सुपारी तोंडात ठेवूनच झोपणारे आपल्याकडे कमी नाहीत. कवळी असणाऱ्यांनी घास आणखी लहान घ्यावा, कारण कवळीमुळे घास किती चावला गेला याचा अंदाज येत नाही. आणि गडावर दारू घेऊन जाणाऱ्यांना वेगळं काय सांगायचं. दारूने गिळण्याची क्रियाही सुस्तावते.

वाटेत दुसरा कोणी असा दिसला तर

'घास अडकलाय का?' एवढंच विचारा. मान हलवली पण बोलता आलं नाही तर त्याला पुढे वाकवा आणि तळहाताच्या टाचेने दोन्ही खांद्यांच्या मधे पाठीवर पाच जोरदार थापा द्या. निघालं नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ धरून पाच धक्के द्या. पुन्हा पाच थापा, पुन्हा पाच धक्के. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२५ च्या सूचनांमध्येही मोठ्या माणसांसाठी आणि मुलांसाठी हाच क्रम आहे. एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर धक्के द्यायचे नसतात. माणूस बेशुद्ध पडला तर उताणा झोपवा, १०८ किंवा ११२ ला कोणाला तरी फोन करायला लावा आणि छातीच्या मध्यावर दाब द्यायला सुरुवात करा. तोंडात तुकडा डोळ्यांना दिसत असेल तरच काढा.

निघाला, आता पुढे?

तुकडा बाहेर पडला की माणसाला वाटतं झालं, चला पुढे. तसं करू नका. अर्धा तास बसा, चढाई सोडा, खाली उतरा. पोटावर जोराचे धक्के बसले असतील तर यकृत, प्लीहा किंवा बरगडीला इजा झालेली असू शकते आणि ती लगेच कळत नाही. पोट दुखायला लागलं, चक्कर आली, उलटी झाली तर उशीर करू नका. काहीच वाटत नसलं तरी त्या दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवून या.

दुसरा धोका उरलेल्या तुकड्याचा. शेंगदाण्याचं अर्धं दळ फुप्फुसाच्या आतल्या फांदीत जाऊन बसतं, माणसाला बरं वाटतं, आणि आठ-पंधरा दिवसांनी खोकला, घरघर, ताप सुरू होतो. डॉक्टर सर्दी-खोकल्याचं औषध देतात, कारण डोंगरातला तो प्रसंग त्यांना कोणी सांगितलेलाच नसतो. तेव्हा खोकला हटत नसेल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा की अमुक दिवशी अमुक खाताना अडकलं होतं. शेंगदाण्यासारखी वस्तू एक्स-रेत अनेकदा दिसत नाही, ती दुर्बिणीने तपासून काढावी लागते आणि त्यासाठी मोठ्या रुग्णालयात जावं लागतं.