गुग्गुळ : झाडाच्या जखमेतलं औषध

आजीच्या औषधांच्या डब्यात सुंठ, वेखंड, मुरुडशेंग यांच्या शेजारी एक बाटली हमखास असते : योगराज गुग्गुळ. गुडघे धरले की दोन गोळ्या, कोमट पाण्याबरोबर. या काळपट गोळ्यांमागे एका झाडाची गोष्ट आहे. ती वेदकाळापासून सुरू होते, प्रयोगशाळेतून जाते आणि आज जरा अडचणीच्या जागी येऊन थांबली आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. झाडातून जे काही चिकट पाझरतं त्याला आपण सरसकट ‘डिंक’ म्हणतो. पण लाडवात घालतो तो बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक पाण्यात विरघळतो किंवा फुगतो. राळ पाण्याला दाद देत नाही. तिला तेल किंवा अल्कोहोल लागतं. गुग्गुळात डिंक, राळ आणि सुगंधी तेल असं तिन्ही एकत्र असतं. म्हणून तो निखाऱ्यावर टाकला की घमघमतो. आयुर्वेदात कच्चा गुग्गुळ कापडात बांधून त्रिफळ्याच्या उकळत्या काढ्यात शिजवतात. या ‘शोधना’त माती, साली, काटक्या कापडातच राहतात. फिल्टर म्हणा हवं तर.

झाडाच्या बाजूने पाहिलं तर हे औषध नाहीच. सालीला इजा झाली की ती जागा बुजवायची, कीड-बुरशी आत शिरू द्यायची नाही, यासाठी झाड हा चीक सोडतं. म्हणजे आपण वापरतो ती झाडाची मलमपट्टी.

गुग्गुळाचं झाड कच्छ, राजस्थान आणि सिंधच्या कोरड्या, खडकाळ जमिनीत वाढतं. जेमतेम पुरुषभर उंची, काटेरी फांद्या, कागदासारखी सुटणारी साल. आपल्या सातपुड्यातली सालई ही त्याचीच भाऊबंद. तिच्या चिकाला ‘सालई गुग्गुळ’ म्हणतात, पण ते वेगळं द्रव्य आहे. रोग दूर ठेवणारा धूप म्हणून गुग्गुळाचा उल्लेख अथर्ववेदात येतो. सुश्रुतसंहितेत तो मेदोरोगावर सांगितला आहे.

हाच सुश्रुताचा धागा डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी पकडला. बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी सशांना कोलेस्टेरॉल वाढवणारा आहार दिला आणि गुग्गुळाने काय फरक पडतो ते तपासलं. १९६६ साली सादर झालेल्या त्यांच्या प्रबंधात गुग्गुळामुळे रक्तातली चरबी कमी झाल्याचं दिसलं. पुढे त्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने या कामातून ‘गुगुलिपिड’ हे औषध विकसित केलं आणि १९८०च्या दशकात ते बाजारात आलं. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत ६१ रुग्ण होते. त्यात २४ आठवड्यांत एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, सुमारे १२ टक्क्यांनी उतरलं.

गोष्ट इथेच संपली असती तर व्हॉट्सॲपवर फिरवायला उत्तम होती. पण २००३ मध्ये अमेरिकेतल्या १०३ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. आठ आठवड्यांनी गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल ४ ते ५ टक्क्यांनी वाढलं होतं. नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणाऱ्यांचं ५ टक्क्यांनी कमी झालं होतं. काहींच्या अंगावर पुरळही उठलं. आहार वेगळा, माणसं वेगळी, मात्रा वेगळी, अशी कारणं देता येतात. आमच्या धंद्यात ‘माझ्या मशीनवर तर चालतं’ हे वाक्य कुणी ऐकून घेत नाही. दुसऱ्या मशीनवर का चालत नाही ते शोधावंच लागतं. औषधाला तर ही कसोटी जास्तच लागू पडते.

म्हणून मावशीने विचारलं, ‘कोलेस्टेरॉलची गोळी सोडून गुग्गुळ घेऊ का रे?’ तेव्हा मी म्हटलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रक्तदाबाच्या काही औषधांचं शोषण गुग्गुळाने कमी होऊ शकतं. गरोदरपणात तो टाळायला सांगतात. डब्यातलं आहे म्हणून निरुपद्रवी आहे, असं नसतं.

आणि झाडाचं काय? गुग्गुळ काढण्याजोगं व्हायला त्याला आठ-दहा वर्षं लागतात. बेताने, थंडी-उन्हाळ्यात उथळ चिरा दिल्या तर झाड सावरतं. पण मागणी वाढली तसे घाव खोल गेले, चीक जास्त यावा म्हणून घावांवर रसायनं चोपडली जाऊ लागली. असं झाड एका हंगामात भरभरून देतं आणि मग वाळतं. आज गुग्गुळ आययूसीएनच्या लाल यादीत ‘अति संकटग्रस्त’ वर्गात आहे.

कोणत्याही जुन्या औषधाबद्दल आपण विचारतो : गुण येतो का? गुग्गुळाच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारायला हवा. हा चीक कुठून आला, आणि तो दिल्यावर झाड जगलं का? लागवडीच्या झाडांचा, बेताने काढलेला गुग्गुळ मागणारं गिऱ्हाईक वाढलं, तर चीक काढणाऱ्यालाही झाड राखणं परवडेल.